आबांच्या डोक्यावरचा ढग

दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे झाले की आमच्या घरात धुकं पडायला लागतं. बाहेर पडो न पडो, घरात पडतंच. यजमान पहाटे उठतात, खिडकीशी उभे राहतात आणि कासारवाडी स्टेशनच्या दिशेने बघतात. स्टेशनचा दिवा स्वच्छ दिसला तर कपाळाला आठ्या. दिवा दिसला नाही, किंवा दूध सांडल्यासारखा पसरून दिसला, तर स्वारी खूश. मग माझी झोपमोड करून चहा मागितला जातो, कपाटावरून कॅमेऱ्याची चामड्याची पिशवी खाली येते, आणि मला कळतं की कंपनीच्या कॅन्टीनबाहेरच्या फळ्यावर सूचना लागली आहे. वार्षिक छायाचित्र स्पर्धा. विभाग निसर्गदृश्य. फक्त कृष्णधवल.

यंदाही ती लागली. आता पिंपरीच्या दुकानात रंगीत फिल्म सहज मिळते, लग्नामुंजीत नवरीचा शालू हिरवा का जांभळा ते फोटोत दिसतं. पण कंपनीतल्या छायाचित्र मंडळाच्या मते रंग म्हणजे बाजार. कला काय ती काळ्यापांढऱ्यात. हे वाक्य मी इतक्या हिवाळ्यांत ऐकलं आहे की भाकरी थापता थापता मीसुद्धा ते त्यांच्याच स्वरात म्हणून दाखवते. मुलं हसतात. हे हसत नाहीत.

फोटोंशी माझं वाकडं नाही. मोसमाशीही नाही. शाळेत शिकवायला जाताना ओल्या गवताचा वास आला, कुणीतरी अंगणात काटक्या पेटवल्या, की मलाही बरं वाटतं. पण त्या वासाच्या पाठोपाठ नाकात हायपोचा आंबट वास शिरतो आणि माझं डोकं फिरतं. फोटो धुण्याचं ते पाणी हिवाळाभर आमच्या मोरीत असायचं. रविवारी दुपारी खिडकीला घोंगडी, दाराच्या फटींना जुन्या चिंध्या, आत तांबडा दिवा, स्टुलावर ट्रे. त्याआधी साऱ्या घराने अंघोळी उरकायच्या. एकदा माझ्या सासूबाई साताऱ्याहून आल्या होत्या, त्यांना दुपारी पाय धुवायचे होते. आतून आवाज आला, "आई, थांब, आकाश उमटतंय." त्या बिचाऱ्या दारातच हात जोडून उभ्या राहिल्या. आत देवाधर्माचं काही चाललं आहे, असंच त्यांना वाटलं.

आता त्या आकाशाबद्दल. हिवाळ्यातलं आमच्याकडचं आकाश कोरं असतं. निळं, उघडं, डोळ्यांना गार वाटेल असं. पण काळ्यापांढऱ्या फोटोत ते नुसतं पांढरं फटक येतं, आणि पांढऱ्या आकाशाला परीक्षक गुण देत नाहीत. म्हणून मंडळाने युक्ती काढली होती. श्रावण-भाद्रपदात सगळे सभासद गच्चीवर जाऊन ढगांचे फोटो काढायचे. नुसत्या ढगांचे. त्या निगेटिव्ह बिस्किटांच्या डब्यात भरून ठेवायच्या, आपण उन्हाळ्यात पापड घालून ठेवतो तशा. मग हिवाळ्यात खालची जमीन एका निगेटिव्हची आणि वरचं आभाळ दुसऱ्या निगेटिव्हचं, असं एकाच कागदावर छापायचं. सभासद एकमेकांच्या घरी येऊन दारातच विचारत, "एखादा बरा ढग आहे का हो? माझ्याकडचे सगळे मागच्या साली वापरून झाले." मी चहा करत आतून ऐकायची. मोठी माणसं, अंगावर बायकांनी विणलेले स्वेटर, आणि दारोदार ढग मागत फिरत होती.

ही माणसं कोण, तर कंपनीतली. यजमान ड्रॉइंग ऑफिसात, कुणी इन्स्पेक्शनला, कुणी स्टोअरला, आणि अध्यक्ष म्हणजे परचेसमधले एक साहेब. ते मफलर गळ्यात न घालता नुसता खांद्यावर टाकायचे. रविवारी पहाटे सगळे स्कूटरी आणि सायकली काढून निसर्ग शोधायला निघत. आमच्या भागात त्या दिवसांत शोधावा न लागणारा एकच ऐवज होता, तो म्हणजे कारखाने. पिंपरीपासून चिंचवडपर्यंत, तिकडे भोसरीकडे, जिथे बघाल तिथे धुरांडी, पत्र्याच्या शेड, विजेचे खांब. यांच्या सगळ्यांच्या चुली त्यांवर पेटत होत्या. तरी इतक्या वर्षांत मंडळाच्या एकाही फोटोत मी धुरांडं पाहिलं नाही. धुरांड्याकडे पाठ करून उभं राहायचं, हा पहिला नियम. खांब आलाच तर झाडामागे दडवायचा. तार आलीच तर प्रिंटवरून ती ब्लेडने खरवडून काढायची. ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसिंगवरची चुकलेली रेघ ज्या सफाईने काढतात, त्याच सफाईने आमचे हे तारा काढायचे. आठवडाभर ऑफिसात रेघा ओढायच्या आणि रविवारी खोडायच्या.

आणि या सगळ्यांना निसर्ग सापडला कुठे, तर माझ्या माहेरी.

माझं माहेर भोसरीच्या पुढे, चाकणच्या रस्त्याला. गाव लहान. आमचं रान रस्त्यापासून थोडं आत, उताराचं, मध्ये विहीर, बांधावर दोन बाभळी, खाली ओढा. पहाटे ओढ्यावरून धुकं चढत यायचं ते बाभळींच्या कमरेपर्यंत थांबायचं. जोंधळ्याच्या पानावर दव इतकं, की रानातून गेलं तर लुगडं गुडघ्यापर्यंत भिजायचं. लहानपणी मी ते सगळं पाहिलं होतं, पण त्याला निसर्गदृश्य म्हणतात हे मला लग्नानंतर कळलं. पहिल्या दिवाळसणाला हे तिथे आले, बांधावर उभे राहिले, दोन्ही हातांच्या बोटांची चौकट केली, एक डोळा मिटला, आणि म्हणाले, "मूड आहे." आबांना वाटलं, जावयाच्या डोळ्यात काही गेलं. त्यांनी तांब्याभर पाणी आणवलं.

तेव्हापासून दर हिवाळ्यात अख्खं मंडळ आमच्या रानात. माझे वडील, म्हणजे आबा, उंच, काटक, फेटा बांधणारे, बोलायला तिखट पण पाहुण्यांपुढे नमतं घेणारे. त्यात जावयाचे मित्र. त्यामुळे त्यांनी यांचे सगळे चोचले पुरवले. रिकाम्या रानात बैल फिरवले, कारण धूळ उडायला हवी होती. धूळ कमी उडाली म्हणून पुन्हा फिरवले. अध्यक्ष ओरडायचे, "आबा, इकडे बघू नका! समोर सूर्याकडे चला!" आबा चालायचे. परत येऊन यांना विचारायचे, "पाव्हणं, हे पेरताय तरी काय?"

त्या फोटोंत आबा काळे. म्हणजे उजेड पलीकडून, आणि आबा, बैल, बाभळी असं सगळं काळं कुट्ट. फेट्याचा आकार तेवढा कळायचा. बहुतेक वेळा पाठमोरे. असे कितीतरी फोटो पुठ्ठ्यावर चिकटवून पुण्याला, मुंबईला, कुठे कुठे गेले. 'श्रमदेवता', 'धरतीचा पुत्र', 'पहाटेचा यात्रिक' अशी त्यांना नावं दिली जायची. यातलं एकही नाव आबांचं नव्हतं, आणि एकाही फोटोत आबांचं नाक नव्हतं.

आबांची मागणी एकच होती. दरसाल, मंडळी निघताना, ते यांना बाजूला घेऊन म्हणायचे, "एक आमचा बी काढा की, समोरून."

हे समजावायचे, "आबा, समोरून चेहरा आला की ते निसर्गदृश्य राहत नाही. ते वेगळ्या विभागात जातं."

"मग त्या इभागात घाला."

त्यावर सगळे हसायचे. आबाही हसायचे, पण मला त्यांचं हसू ओळखता येत होतं. मी एकदा म्हटलं, "आबा, पिंपरीला कॅम्पात स्टुडिओ आहे, तिथे जाऊ या. मस्त खुर्चीवर बसून काढू." ते आले माझ्याबरोबर. स्टुडिओत मागे पडदा होता, त्यावर तळं, तळ्यात हंस, काठावर पांढरे खांब. आबांनी पडद्याकडे बघितलं, फेटा सारखा केला आणि बाहेर आले. म्हणाले, "मला दुसऱ्याच्या तळ्यावर कशाला हुबा करती? माझी इहीर हाय की." त्यांना त्यांच्या रानात, समोरून बघणारा फोटो हवा होता. एवढंच.

एका हिवाळ्यात मात्र आबा नुसतं मागून थांबेनात, घाई करू लागले. रानात दगड रोवले गेले होते. चुन्याने रंगवलेले, त्यांच्यामधून दोऱ्या, दोऱ्यांना लाल कापडाची निशाणं. कारखान्यांसाठी जमीन घेतली जाणार हे गावाला कधीपासून माहीत होतं. कागद झाले होते, सह्या झाल्या होत्या. पण कागद घरातल्या पेटीत असतो, तो दिसत नाही. दगड दिसतात. पुढच्या पेरणीला ते रान आमचं नसणार होतं. आई त्या बाजूला बघायचंच टाळायची. आबा रोज जाऊन त्या दगडांपाशी उभे राहायचे.

आणि त्या हिवाळ्यात मंडळ आलं, नेहमीसारखं. रान बघितलं आणि सगळ्यांचे चेहरे पडले. मला क्षणभर बरं वाटलं, म्हटलं, माणसं आहेत, वाईट वाटणारच. तर अध्यक्ष मफलर सावरत म्हणाले, "अरेरे, निशाणं फ्रेममध्ये येतात." मग दगडांपुढे झुडपं तोडून ठेवली गेली. तरी एक दोरी दिसतच होती. अध्यक्ष आबांकडे वळले आणि अगदी अदबीने म्हणाले, "अर्धा तास ही निशाणं काढता येतील का हो?"

"मला येत असती तर कायमची काढली असती, सायेब," आबा म्हणाले.

अध्यक्षांनी मान डोलावली आणि दुसरीकडून चौकट लावायला घेतली. इतका निर्बुद्ध माणूस मी त्यानंतर पाहिलेला नाही. मी त्यांना आजही चहा देते, पण कप खाली ठेवताना बशीचा आवाज होतो.

त्या दिवशी धुकं लवकर विरलं, आणि वर चक्क आभाळ आलं. खरंखुरं, कुणाच्या डब्यातलं नव्हे. तुटक, पांढरंशुभ्र. पण ते आलं सूर्याच्या विरुद्ध बाजूला, आणि मंडळाची सगळी कला सूर्याच्या बाजूला, म्हणून त्याच्याकडे कुणी बघेना. आबांनी बांधाखाली आगटी पेटवली होती, हुरडा भाजत होता. भाजल्या कणसांचा वास सुटला आणि सगळी मंडळी कॅमेरे जिथल्या तिथे ठेवून खाली गोळा झाली. यांचा कॅमेरा वर तीन पायांच्या तिकाटण्यावर तसाच. मला ठाऊक होतं की त्यात एक फोटो शिल्लक आहे, कारण हे तो 'संध्याकाळसाठी' राखून ठेवल्याचं सगळ्यांना सांगत होते.

मी आबांना खुणेने वर बोलावलं. म्हटलं, "उभे राहा विहिरीपाशी. समोरून."

आबांनी माझ्याकडे बघितलं, खाली मंडळींकडे बघितलं, आणि अंगरख्याची गुंडी लावली. सूर्य आपल्या पाठीशी घ्यायचा, एवढं मला माहीत होतं. तसा घेतला. यांच्या कॅमेऱ्यात वरून खाली वाकून बघावं लागायचं. काचेत आबा दिसले. त्या काचेत उजवं डावीकडे दिसतं, त्यामुळे मी म्हटलं 'इकडे सरका' की ते भलतीकडेच सरकायचे आणि आम्ही दोघंही चोरून हसत होतो. अखेर ते बरोबर आले. मागे विहीर, बाभळी, बांध. आणि फेट्याच्या अगदी वर एक ढग, करंजीसारखा, एका बाजूने कड उघडलेला. आबा देहूरोडच्या छावणीतल्या शिपायासारखे ताठ. मी खटका दाबला. हलकासा आवाज झाला. खाली कुणीतरी मीठ मागत होतं.

त्या आठवड्यात मी वर्गात मुलांना शिकवत होते आणि डोक्यात तो फोटो. रविवारी हे मोरीतून बाहेर आले तेव्हा मी विचारलं, "माझा एक होता शेवटचा. आबांचा."

"तो काही धड नाही आला," हे म्हणाले. "पुढे बघू."

पुढे काय बघायचं होतं? पुढच्या आठवड्यात विहीर बुजवायला सुरुवात झाली. मी दोन दिवस यांच्याशी बोलले नाही. नंतर बोलले, कारण संसार आहे. आबांना सांगितलं की नाही आला. ते म्हणाले, "जाऊ दे, बाय." त्यांचं ते 'जाऊ दे' मला फार लागलं.

मग स्पर्धेचं प्रदर्शन. पिंपरीत एका सभागृहात पडदे लावून फोटो टांगलेले, उदबत्तीचा वास, पुण्याहून आलेले परीक्षक. मी नेहमीप्रमाणे नटूनथटून गेले होते, नवऱ्याला बक्षीस मिळणार असं आतून कळलं होतं. पहिल्या क्रमांकाचा फोटो यांचा. बैल, धूळ, काळे पाठमोरे आबा, आणि वर आभाळात मोठा थोरला ढग. मी जवळ गेले. करंजी. एका बाजूने कड उघडलेली.

मी पुढे सरकले. तिसऱ्या क्रमांकाचा फोटो अध्यक्षांचा, पवनेच्या काठचा. वर तीच करंजी. आणखी पुढे, उत्तेजनार्थ, इन्स्पेक्शनमधल्या एकांची देवळाची दीपमाळ. वर करंजी, जरा तिरकी केलेली. तिन्ही फोटो एकाच भिंतीवर. परीक्षक त्या भिंतीसमोर उभे राहून भाषण करत होते. बैलांच्या मागून येणारा प्रकाश आणि ढगावर पुढून पडलेला प्रकाश यांचा हा अद्भुत संवाद, असं काहीसं ते म्हणाले. एकाच फोटोत दोन सूर्य, तेही या गृहस्थांना अद्भुत वाटले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हे उठून नमस्कार करत होते. मला त्या सभागृहाची, त्या टाळ्यांची, त्या पुठ्ठ्यांची अशी किळस आली की मी चहा न घेता बाहेर येऊन रस्त्यावर उभी राहिले.

घरी आल्यावर मी विचारलं, "तो ढग कुठला?"

यांना चोरी पकडल्याचं काही वाटलं नाही, हेच विशेष. उलट उत्साहाने म्हणाले, "अगं, तुझ्या त्या फोटोतला! काय आकाश आलंय त्यात, तुला कल्पना नाही. सगळ्यांनाच हवा होता, म्हणून मी मंडळालाच देऊन टाकला."

"आणि आबा?"

"खालचा भाग रंगवून टाकला. नाहीतर ढगाबरोबर तेही छापले जातील ना."

बिस्किटांच्या डब्यात ती निगेटिव्ह होती. चौकोनी, तळहाताच्या निम्मी. वरच्या भागात ढग, आणि खाली, जिथे आबा, विहीर आणि बाभळी असायला हव्या होत्या, तिथे स्टुडिओवाले लावतात तो तांबडा रंग, जाड, एकसारखा, ड्रॉइंगवाल्याच्या हातचा. कुठेही फट नाही. माझ्या बापाचा समोरून काढलेला एकुलता एक फोटो, आणि या माणसाने त्याला सारवून टाकलं होतं, कारण त्याच्या डोक्यावर चांगला ढग होता. मी आयुष्यात यांना अरेतुरे केलेलं नाही. त्या दिवशी केलं.

यांचा ब्रश नळाखाली धरला की तो रंग सुटून मोरीत तांबडं पाणी वाहतं, हे मी दर रविवारी बघत होते. मी निगेटिव्ह घेऊन नळाखाली धरली. हे मागून ओरडले, "अगं, खालचं सगळं पुन्हा रंगवावं लागेल!" मी अंगठ्याने हळूहळू रंग सोडवत राहिले. आधी बाभळींचे शेंडे आले, मग फेटा, मग खांदे. निगेटिव्हमध्ये चेहरा काळा असतो, त्यातलं काही कळत नाही. पण तिथे कुणीतरी समोरून उभं होतं, एवढं मला दिसलं.

"आत्ताच्या आत्ता छाप," मी म्हटलं.

यांनी खिडकीला घोंगडी लावली. मीही आत उभी राहिले. तांबड्या दिव्यात कागद ट्रेमध्ये पडला, आणि हळूहळू वर आले ते आबा. गुंडी, हात, विहिरीचा काठ, नाक. आणि मग दोघांनाही एकदमच दिसलं. डोळे मिटलेले होते. मी सूर्य पाठीशी घेतला होता, तो सगळा त्यांच्या तोंडावर होता.

यांनी चिमट्याने कागद उचलून दिव्याशी धरला. मग चांगुलपणाने म्हणाले, "बारीक ब्रशने डोळे उघडून देतो. कळणारसुद्धा नाही."

"हात लावून बघ," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी फोटो घेऊन मी माहेरी गेले. रानाभोवती कंपाउंड उठलं होतं. आबा ओट्यावर बसले होते. ढगाची सगळी हकीकत मी त्यांना सांगितली, शिव्यांसकट. त्यांनी ती ऐकली का नाही, मला माहीत नाही. ते फोटो उन्हात धरून बघत होते. विहिरीवर बोट ठेवलं, मग बाभळींवर, मग बांधावरून बोट फिरवत नेलं. आई आतून हात पुसत आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "आगं बाय, ह्यांनी डोळं मिटल्यात की!"

मी म्हटलं, "माझं चुकलं. सूर्य तोंडावर आला."

"सूर्याचं काय न्हाई त्यात," आबा म्हणाले. "तुझ्या पाठीमागं ती निशाणं हुती, पोरी. मला फोटोत त्यांच्याकडं बघत हुबं ऱ्हायचं न्हवतं."